उताऱ्यातले उत्तर उताऱ्यातच

शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषा व गणित या पेपरात ७५ प्रश्न, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ७२ सेकंद. आपली मुले उतारा घडाघडा वाचतात, पण उत्तर मनाचे देतात. समजा, उताऱ्यात आहे, "धरण भरून पाणी पायऱ्यांवरून वाहू लागले, म्हणून दुकाने लवकर उघडली." दुकाने लवकर का उघडली? भुशीचा मुलगा चटकन 'रविवारची गर्दी' हा पर्याय निवडतो. त्याला भुशी ठाऊक आहे ना! पण गुण उताऱ्यातल्या कारणालाच मिळतात. म्हणून आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा, आणि उत्तराच्या ओळीवर बोट ठेवावे. घरी शिकवणारे कोणी नसले, तरी अक्षरओळख नसलेल्या आईलाही "कुठं लिहिलंय, दाखव" एवढे विचारता येते.