बस उलटते तेव्हां

वडीगोद्रीहून धुळें-सोलापूर मार्गानें जाणाऱ्या बसचीं चाकें आपण पाहतों. पण गाडी उलटल्यास प्राण राखतात ते खिडक्यांमधील खांब. ते वांकले कीं छत आसनांवर येतें. म्हणून सांगाडा पारखतांना बस ८०० मिलिमीटर उंचीवरून कुशीवर पाडतात. प्रवाशाभोंवतीं राखलेल्या जागेंत कोणताहि भाग शिरतां कामा नये. अर्थात् खांब टिकले तरी पट्ट्यावांचून माणूस आंतल्या आंत आदळतोच.

आणि दार? जालन्यापलीकडे सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर १ जुलै २०२३ रोजीं बस दाराच्याच बाजूवर पडून पेटली. २५ जण दगावले. कांहीं जण कांच फोडून निघाले. तेव्हांपासून सहलीस निघतांना आम्ही मुलांस आधीं संकटकाळीं उघडावयाची खिडकी व हातोडी दाखवितों, मग जागा देतों. हातोडीची खुंटी पुष्कळदां रिकामीच आढळते.