विंडोज गेले, फाइल्स शाबूत

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि बाणकोट खाडीअलीकडच्या मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपून काढले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पण दापोलीत लाइट जायला वादळच लागते असे नाही. मृगाची पहिली सर आणि तारांवर टेकलेली फांदी पुरते. मग लाइट परत आली तरी कॉम्प्युटर सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ झळकते आणि दुकानात सांगतात, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

होकार देण्याआधी थांबा. कॉम्प्युटर सुरू न होणे आणि फाइल्स जाणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

बटण दाबले की आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरच्या बूटलोडरला शोधतो आणि बूटलोडर विंडोजला मेमरीत आणतो. डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली तर थोडा भाग नवा, थोडा जुना राहतो. एनटीएफएस फाइल-व्यवस्था बदलांची नोंदवही ठेवते, म्हणून बहुतेकदा निभावते. पण घाव नेमका या साखळीवर बसला की मशीन अडते. बागायतीचे हिशेब, मुलांचे फोटो मात्र त्याच डिस्कवर जागच्या जागी असतात.

ते काढायला विंडोज लागतच नाही. उबुंटू ही दुसरी प्रणाली टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून ‘ट्राय’ पर्याय घेतला, की ती प्रणाली रॅममध्ये चालते. मग फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवता येतात. किंवा डिस्क काढून यूएसबी केसिंगमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची.

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र लगेच बंद करा. मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचक-हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ते टेकले तर प्रत्येक प्रयत्नात माहितीच खरवडली जाते. हे काम प्रयोगशाळेचे. 2003 मध्ये कल्पना चावला ज्यात गेल्या, त्या कोलंबिया यानाच्या अवशेषांत एक होरपळलेली डिस्क सापडली होती. तज्ज्ञांनी तिच्यातली सुमारे 99 टक्के माहिती वाचवली आणि त्यातून झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि फॉरमॅट होऊन गेले असेल तर? क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे, पाने राहतात. फोटोरेकसारखा प्रोग्राम ती पाने ओळखतो, कारण प्रत्येक जेपीईजी फोटो एफएफ-डी8-एफएफ या खुणेने सुरू होतो. फाइलींची नावे मात्र परत मिळत नाहीत. खरे नुकसान करते ते त्यावर टाकलेले नवे विंडोज, कारण ते जुन्या पानांवरच लिहिते.

तबकडी नसलेल्या एसएसडीत ही सवलत फारशी नाही. तिथे ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा लवकरच खरोखर रिकाम्या करते. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर आपोआप चालू असते. मग उबुंटूतूनही डिस्क उघडायला 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मशीन धड आहे तोवर, पाऊस लागण्याआधीच, ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.