सुटणारा दांडा

माझा भाचा पवईत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटांवर गाडी घालतो. त्याच्याकडे जीप रँग्लर आहे. 2021 पासून या गाडीची जुळणी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात होऊ लागली. एका पावसाळ्याआधी तो म्हणाला, "मामू, साकीनाक्याला येता का? स्टॅबिलायझर बारला सुटे होणारे लिंक बसवायचेत." यातले मला ओ की ठो कळत नव्हते. गॅरेजात चहा मिळेल एवढ्या आशेवर गेलो आणि दोन तास गाडीखाली डोकावत बसलो.

हा बार म्हणजे पोलादाचा एक आडवा दांडा. त्याची दोन्ही टोके वळवलेली असतात. मधला भाग रबरी बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि प्रत्येक टोक एका छोट्या लिंक रॉडने खाली अ‍ॅक्सलला जोडलेले असते. मिस्त्री त्याला बॅलन्स रॉड म्हणत होते. कारखान्याने दिलेल्या नावापेक्षा मला हे नाव बरे वाटले.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर बस वळली की उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतो, हे आपण रोज पाहतो. गाडीचा सांगाडाही तसाच कलतो. बाहेरची स्प्रिंग दबते, आतली सैलावते, त्यामुळे दांड्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली ओढले जाते. मधला भाग पिळला जातो. पोलादाला पीळ सोसत नाही, तो उलटा जोर लावतो आणि गाडीचा कल कमी होतो. दांडा जाडीने फक्त 10 टक्के वाढवला तर हा ताठपणा सुमारे 46 टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. गतिरोधकावर मात्र दोन्ही चाके एकदमच उचलली जातात. तिथे दांडा नुसता फिरतो, पिळला जात नाही, म्हणून त्याचा त्रासही होत नाही.

आता हीच गाडी ओढ्यातल्या दगडांवर न्या. एक चाक धोंड्यावर चढते, दुसरे खड्ड्यात उतरायला बघते. इथे चाकांनी वेगवेगळे वरखाली व्हायला हवे, पण दांडा त्यांना एका पातळीत ओढतो. खड्ड्यावरचे चाक अधांतरी राहते. साध्या डिफरेन्शियलच्या गाडीत ते अधांतरी चाकच गरगर फिरत बसते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. गाडी अडकते. रस्त्यावर जो राखणदार, तोच दगडांत पायातली बेडी होतो. म्हणून अशा जागी पुढचा दांडा तेवढ्यापुरता सोडवतात.

रँग्लरच्या रुबिकॉन या महागड्या प्रकारात हे काम एका बटणावर होते, आणि वेग ताशी सुमारे 29 किलोमीटरच्या वर गेला की दांडा आपोआप परत जोडला जातो. भाच्याची गाडी साधी. तिला बाहेरून आणलेले, खिळ काढून हाताने सोडवायचे लिंक बसवायचे होते.

मिस्त्रींनी आधी गाडी सपाट फरशीवर घेतली. दोन्ही चाके एका पातळीत असली तर दांड्यात पीळ नसतो. नाहीतर शेवटचा नट सुटताच लिंक हातावर उसळायची भीती. मुंबईच्या हवेत गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ते चहा पिऊन आले. मग जुने लिंक काढले, अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटला नव्या लिंकची खुंटी बसवली आणि ती टॉर्क पान्याने, कंपनीच्या कागदावर दिलेल्या आकड्याइतकी आवळली. नव्या लिंकची लांबी कमीजास्त करता येते. दोन्ही बाजू सारख्या ठेवून, दांड्याचे हात जमिनीला साधारण समांतर येतील इतकी ती ठेवली. सोडवलेला लिंक वर अडकवून ठेवायला सांगाड्यावर वेगळी खुंटी लावली. ती नसेल तर लोंबता लिंक ब्रेकच्या नळीवर किंवा टायरवर घासतो. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे काही लागत नाही ना ते पाहिले. मिस्त्रींनी शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला सांगितले होते. आम्ही तपासले.

चुकलो ते दुसरीकडेच. कर्जतच्या बाजूला एका ओढ्यात दोन्ही लिंक सोडले. गाडी खरोखरच खेकड्यासारखी चारही पाय टेकत चढली. परत निघताना लिंक जोडायला गेलो तर जमीन तिरपी, भोके जुळेनात, वरून पाऊस. भाचा म्हणाला, "पुढे डांबर लागलं की सपाट जागा बघू." डांबर लागले. पण दांडा सुटला असताना हळू वेगात गाडी उलट मऊ चालते, खड्डे कमी जाणवतात, त्यामुळे कुणालाच आठवण राहिली नाही. महामार्गावर एक टँकर अचानक आमच्या बाजूला सरकला. भाच्याने स्टिअरिंग फिरवले आणि गाडी इतकी कलली की मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेली बहीण माझ्या अंगावर आली. दुसऱ्या बाजूला सावरताना पुन्हा तेच. उंच गाडी, ओला रस्ता. आम्ही वाचलो. चहाच्या टपरीवर थांबून बॅटरी मारून खाली पाहिले, तर दोन्ही लिंक खुंटीला निवांत टांगलेले.

बटणाच्या दांड्याला स्वतःची आठवण असते, हाताच्या दांड्याला नसते. हा फरक गॅरेजात कुणी सांगितला नव्हता, आणि आम्हीही विचारला नव्हता.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. हा लिंक छोटासा असला तरी बसवण्याआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. भाच्याने विमा कंपनीला कळवले, पण त्या रात्रीनंतर.

आता दांडा सोडला की तो स्टिअरिंगला लाल फडके बांधतो. परवा ओढ्यावरून निघताना बहीण छत्री धरून बाहेर उभी राहिली. दोन्ही खिळी बसून फडके सुटल्याशिवाय ती गाडीत चढली नाही.