जुन्या फटफटीचे शॉकअप बदलताना

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या परभणी जिल्ह्यात सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, कुठेही जा. एखाद्या वाड्याच्या ढेलजेत किंवा गोठ्याच्या कडेला एखादी जुनी राजदूत, जावा, येझदी नाहीतर बुलेट उभी असलेली तुम्हांला दिसेल. कुणाच्या आजोबांनी ती कापसाच्या पैशांतून घेतलेली असते, कुणी तिच्यावरून आयुष्यभर दूध घातलेले असते. इंजिन अजून एका लाथेत सुरू होते. पण गाडीवर बसून खड्ड्यातून गेले, की मागून 'ठक्' असा आवाज येतो आणि पाठीचा कणा कवटीपर्यंत हादरतो. मेस्त्री वाकून बघतात आणि निकाल देतात, "शॉकअप गेले. बदला."

बदला, पण कोणते घ्यायचे? दुकानात चकचकीत जोड्यांची रांग असते. पुष्कळजण बोल्टात बसेल तो जोड घेऊन मोकळे होतात. बोल्टात बसणे म्हणजे गाडीला जुळणे नव्हे. पायात जाते म्हणून कुणाचीही चप्पल आपली होत नाही, तसेच हे आहे. चुकीच्या चपलेने फार तर फोड येतो. चुकीच्या शॉकअपने मात्र ऐन ब्रेक दाबताना चाक जमीन सोडते. म्हणून ही निवड नीट समजून घेऊ. तिला लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

एका नळकांड्यात दोन कामगार

सुरुवातीच्या मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट बसवलेले असे. धक्का सोसायला काय त्या बैठकीखालच्या स्प्रिंगा! पुढे मागचे चाक झुलत्या दांड्यांत बसवून त्यांच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग आणि तेलाची नळकांडी लावण्याची पद्धत आली. १९४९ची ३५० सी.सी. बुलेट ही अशी रचना घेऊन बाजारात आलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. जावा आणि नंतर येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९९६पर्यंत बनत. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली राजदूत एस्कॉर्ट्स कंपनी बनवत असे. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी २०२२ साली पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्या वेगळ्या. त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीला चालतीलच असे समजू नका.

शॉकअपमध्ये दोन वेगवेगळे कामगार असतात. पहिला कामगार म्हणजे स्प्रिंग. ती वजन पेलते आणि धक्का बसला की दबते. पण तिचा एक दोष आहे. घेतलेली ऊर्जा ती ठेवून घेत नाही, लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगांवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झोके खात राहील. म्हणून दुसरा कामगार लागतो, तो म्हणजे तेल. नळकांड्यातला दट्ट्या हलला, की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणात हालचालीची ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता होते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल त्याला थांबवते. निवड करताना दोघांचीही परीक्षा घ्यावी लागते.

स्प्रिंगचा कणखरपणा मोजा

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली स्प्रिंगचा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. नियम साधा आहे : जितका भार, तितका दाब. भार दुप्पट केला तर स्प्रिंग दुप्पट दबते. एक सेंटिमीटर दाबायला जितका भार लागतो, त्याला आपण स्प्रिंगचा कणखरपणा म्हणू.

हा कणखरपणा घरी मोजता येतो. आडत दुकानात असतो तसा सपाट काटा मागच्या चाकाखाली ठेवा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी. एकाने गाडी सरळ धरावी. काट्यावरचा आकडा लिहा. आता मागच्या आसापासून सरळ वर, मडगार्डवर खडूने एक खूण करा आणि आस ते खूण हे अंतर मोजा. मग नेहमी गाडी चालवणाऱ्या माणसाला बसवा आणि दोन्ही मापे पुन्हा घ्या. जुने शॉकअप अडखळतात, म्हणून गाडी एकदा दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून मोजा व सरासरी घ्या.

समजा, रिकाम्या गाडीचा मागच्या चाकावरचा भार ६२ किलो आला आणि माणूस बसल्यावर १०७ किलो. म्हणजे ४५ किलो वाढले. खूण १.५ से.मी. खाली आली. तर चाकापाशी कणखरपणा झाला ४५ ÷ १.५ = ३० किलो प्रति से.मी. स्प्रिंगा दोन आहेत आणि शेजारीशेजारी भार वाटून घेतात, म्हणून एकीचा कणखरपणा १५.

इथे एक सूचना. शॉकअप सरळ उभे आणि आसाजवळ असतील तरच हा हिशेब तंतोतंत जुळतो. खालचा बोल्ट आसाच्या बराच पुढे असेल, म्हणजे झुलत्या दांड्याच्या लांबीच्या ०.८ अंतरावर असेल, तर चाकापाशी जाणवणारा कणखरपणा ०.८ × ०.८ = ०.६४ पटच उरतो. तोच शॉकअप एका गाडीवर मऊ आणि दुसरीवर टणक वाटतो, त्याचे कारण हे.

तारेची जाडी फसवते

दुकानदाराला स्प्रिंगचा कणखरपणा विचारला तर तो बहुधा खांदे उडवील. काळजी नको, कॅलिपर आणि एक सूत्र पुरेसे आहे. तारेची जाडी d, वेटोळ्याचा मधला व्यास D आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या n असेल तर

कणखरपणा = G × d⁴ ÷ (८ × D³ × n)

इथे G हा पोलादाचा पिळाला विरोध करण्याचा गुणांक. तो सुमारे ८,००,००० किलो प्रति चौ. से.मी. आहे. तार ०.७ से.मी., व्यास ४.६ से.मी. आणि वेटोळी १६ घेतली, तर उत्तर येते सुमारे १५.४. म्हणजे आपल्या गाडीला जुळणारी स्प्रिंग. आता तार फक्त एक मिलिमीटरने जाड, म्हणजे ०.८ से.मी. घ्या. उत्तर येईल २६.३! जाडी चौथ्या घातात आहे, त्यामुळे डोळ्याला न कळणाऱ्या एका मिलिमीटरने स्प्रिंग सत्तर टक्के टणक झाली. 'जाड तार, मजबूत माल' असे म्हणून अशा स्प्रिंगा घेतल्या, की धक्के स्प्रिंगऐवजी माणसाची पाठ आणि सांगाड्याचे वेल्डिंग खात बसतात.

काळ्या रानातले लाटांचे रस्ते

आता आपल्या जिल्ह्याचा विषय. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, कारण तिच्यातली चिकणमाती आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी साठवते. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षागणिक वरखाली होतो आणि डांबरावर लांब लांब लाटा उमटतात.

स्प्रिंगवरच्या गाडीलाही स्वतःचा झोका असतो. चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगखालचे १७ किलो वजा केले, तर १०७ पैकी ९० किलो स्प्रिंगांवर आहेत. ३० कणखरपणाच्या जोडीवर ते ३ से.मी. दाब देतात. झोक्याची वारंवारता केवळ या दाबावरून निघते : ९८० ला ३ ने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने भागा. उत्तर येते सेकंदाला सुमारे २.९ झोके.

समजा, रस्त्यावरच्या लाटा ४ मीटर अंतरावर आहेत. गाडी सेकंदाला ११.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने गेली, तर तिला सेकंदाला २.९ धक्के बसतील. गाडीचा झोका आणि रस्त्याचा झोका जुळला! पाळण्याला बरोबर वेळेवर हात लावत गेले की तो उंच उंच जातो. तसेच इथे होते, आणि यालाच अनुस्पंदन म्हणतात. तेल संपलेल्या शॉकअपची गाडी अशा वेळी उधळते. चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ ब्रेक निरुपयोगी. हा झोका आवरणारा एकच कामगार आहे, तेल.

तेलाची परीक्षा

उभ्या गाडीची मागची बाजू जोरात दाबून सोडा. ती वर येऊन लगेच स्थिर झाली तर तेल काम करते आहे. तीन-चार झोके खाल्ले तर तेल गेले. दांडीवर तेलकट धूळ दिसली तर ते कोठून गेले तेही कळले. नवा शॉकअप घेताना स्प्रिंग काढलेला दट्ट्या हाताने ओढून बघायला मिळाला तर उत्तम. दाबताना तो थोडा हलका आणि ओढताना जड लागला पाहिजे. कारण चाक खड्ड्याच्या कडेवर चढताना चटकन वर गेले पाहिजे, पण दबलेल्या स्प्रिंगला उसळू देता कामा नये.

तेलावर केवढा भार पडतो ते पाहा. एका धक्क्यात ९० किलो वजन २ से.मी. खाली आले तर सुमारे १८ ज्यूल ऊर्जा होते. अशा हजार धक्क्यांची १८,००० ज्यूल. दोन्ही नळकांड्यांत मिळून १८० ग्रॅम तेल असेल आणि उष्णता हवेत गेलीच नाही असे धरले, तर ते सुमारे ५० अंशांनी तापेल! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत जाते. पण परभणीच्या मे महिन्यात हवाच ४० अंशांवर असते. तापलेले तेल पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. नळकांड्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेले शॉकअप फेस होऊ देत नाहीत. त्यांचा फायदा हा. मात्र बाजूला लटकवलेला छोटा डबा पाहून भुलू नका. काही स्वस्त जोड्यांवर तो केवळ शोभेचा असतो.

दुधाचे कॅन आणि खालची कडी

राजदूत ही दूधवाल्यांची आवडती गाडी. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे डब्यांसकट मागे ९० किलो जास्त. आपल्या उदाहरणात दाब ३ वरून ६ से.मी. होईल. चाकाला हलायला एकूण ७.५ से.मी. जागा असेल तर उरली फक्त दीड. पहिल्याच खड्ड्यात 'ठक्'!

यावर दोन उपाय आहेत. एक, ४० कणखरपणाची जोडी घ्यायची. मग भरल्या गाडीत दाब ४.५ से.मी., पण परतताना रिकाम्या गाडीत फक्त २.२५, गाडी टणक. दुसरा उपाय, पायऱ्या असलेल्या कडीचा शॉकअप घ्यायचा. कडी फिरवून स्प्रिंग आधीच १.५ से.मी. दाबून ठेवली तर भरल्या गाडीचा दाब ४.५ वर येतो आणि परतताना कडी पुन्हा खाली. पण एक गैरसमज इथेच काढून टाका. कडी फिरवल्याने स्प्रिंग टणक होत नाही, गाडी फक्त उंच उभी राहते. हुकचा कणखरपणा तोच राहतो. शिवाय वेटोळ्यांमधल्या फटींची बेरीज चाकाच्या हालचालीपेक्षा आणि कडीच्या दाबापेक्षा जास्त हवी, नाहीतर वेटोळी एकमेकांना भिडतील.

विकत घेण्यापूर्वी

वरच्या आणि खालच्या बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मूळ शॉकअपइतकेच घ्या. मागची बाजू २ से.मी. उंचावली, तर १३० से.मी. अंतरावर चाके असलेली गाडी जवळजवळ एक अंशाने पुढे कलते. मग हँडल चंचल होते आणि साखळी दांड्याला घासू लागते. बुशांचा व्यास आणि रुंदी मोजा. भोक सैल असेल तर वायसर कोंबून भागवू नका. शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असला तर झुलता दांडा पिळवटतो.

आणखी एक गोष्ट. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली व मूळ रूप राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही, आणि तिच्या चासीत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून शॉकअप बसावा यासाठी सांगाडा कापण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला नम्रपणे नकार द्या. शॉकअप गाडीसाठी शोधायचा असतो, गाडी शॉकअपसाठी बदलायची नसते.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की स्प्रिंगचा धडा शिकवताना वर्गाला शाळेच्या आवारातल्या एखाद्या गाडीजवळ न्यावे. एक काटा, एक पट्टी, खडू आणि वर्गातला सर्वांत जड विद्यार्थी, एवढे साहित्य पुरते. आणि विद्यार्थी मित्रांनो, मोजलेले आकडे कागदावर लिहून मेस्त्रींकडे घेऊन जा. त्यांच्या हाताचा अनुभव आणि तुमचे गणित एकत्र आले, की आजोबांची फटफटी खड्ड्यातही जमीन धरून चालेल.