जपानांतील उमे वृक्ष : छाटणी व निगा

आलुबुखाराच्या कुळांतील जीं झाडें मुख्यतः फुलांकरितां बागेंत लावितात, त्यांत जपानांतील 'उमे' अग्रगण्य होय. पुस्तकांत त्यास प्लम म्हणत असले तरी वनस्पतिशास्त्राप्रमाणें त्याचें जवळचें नातें जर्दाळूशीं आहे. मूळ देश चीन; तेथून तें प्राचीन काळीं जपानांत गेलें. साधारणपणें फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, पालवी फुटण्यापूर्वींच, त्याच्या निष्पर्ण फांद्या पांढऱ्या, गुलाबी किंवा तांबड्या सुवासिक फुलांनीं भरून जातात.

आमच्या वाचकांपैकीं कोणी चित्र पाहून हें झाड मागविण्याच्या विचारांत असतील, तर त्यांस प्रथमच सांगणें इष्ट कीं, पानगळीनंतर कांहीं आठवडे चांगली थंडी मिळाल्यावांचून त्याच्या कळ्या नीट उमलत नाहींत. दख्खनच्या पठारावर तेवढी थंडी पडत नाहीं. तेव्हां त्यापायीं येथें पैसे खर्चूं नयेत. तथापि त्याची छाटणी बागाइतदारानें समजून घेण्यासारखी आहे.

हें झाड केवळ शोभेचें नव्हे. मितो येथील कैराकुएन नांवाची बाग तोकुगावा नारिआकि या सरदारानें १८४२ सालीं खुली केली. तींत सुमारें शंभर जातींचीं तीन हजार झाडें आहेत. फुलांइतकाच फळाचाही विचार त्यामागें होता. खारविलेलें उमे वर्षानुवर्षें टिकतें, म्हणून दुष्काळांत वा लढाईंत शिधा म्हणून तें उपयोगी पडे. जूनच्या सुमारास फळ उतरून मिठांत मुरवितात व मग उन्हांत वाळवितात. त्याच वेळीं लागणाऱ्या पावसाचें नांव जपानी लिपींत 'उमेचा पाऊस' असें लिहितात. आपल्याकडील आंबेसरींची येथें आठवण होते.

जमीन निचऱ्याची असावी. पाणी तुंबल्यास मुळें कुजतात. ऊन भरपूर हवें. लागवड पानें गळल्यावर, झाड विश्रांति घेत असतां करितात. बीपासून मूळ जातीचें झाड हमखास मिळत नाहीं, म्हणून उमेच्याच रोपाच्या खुंटावर कलम बांधितात अथवा डोळा भरतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राखावा व खुंटाचे धुमारे दिसतांच काढावे.

आतां छाटणीविषयीं. चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणाराही मूर्ख, अशा अर्थाची एक म्हण जपानांत आहे. चेरीची जखम सहज कुजते. उमे मात्र कापलें तरी जोमानें फुटतें, आणि न कापल्यास फांद्यांचें जाळें होऊन आंत ऊन शिरत नाहीं. फूल मागील हंगामांत वाढलेल्या काडीवर येतें, व आखूड काडीवर तें अधिक दाट असतें. म्हणून फुलें ओसरतांच, पालवी जोर धरण्यापूर्वीं, फुललेल्या लांब काडीचे बुडाकडील थोडे डोळे राखून वरचा भाग कापावा. टोंकाशीं राखलेला डोळा पानाचा व बाहेरच्या अंगास तोंड असलेला पाहिजे. फुलाचा डोळा गोल व फुगीर, तर पानाचा निमुळता असतो. टोंकाशीं नुसता फुलाचाच डोळा ठेविल्यास तेथून काडी वाळते.

पुढील वर्षाच्या कळ्या जुलै-ऑगस्टांतच काडीवर घडूं लागतात. त्यानंतर डौलासाठीं जो सरसकट कात्री चालवितो, तो आपल्याच हातानें पुढचा बहार कापून टाकितो. संत्र्याच्या आंबेबहारासाठीं आपण पाणी तोडून झाडास ताण देतों. तें विश्रांतीचें काम तेथें थंडी करिते.

वसंतांत कोंवळ्या शेंड्यांवर मावा पडून पानें गुंडाळलीं जातात. नुसत्या पानांपुरतें हें संकट असतें तर फारसें भय नव्हतें. पण मावा प्लम-पॉक्स नांवाचा विषाणुही पसरवितो, आणि रोगी झाडाच्या काडीनें केलेल्या कलमांतूनही तो जातो. त्यावर औषध नाहीं. झाड काढून टाकणें हाच मार्ग. २००९ सालीं तोकियोच्या पश्चिमेकडील ओमे शहरीं हा रोग आढळला, आणि २०१४ सालीं तेथील प्रसिद्ध उमे-उद्यानांतील सर्व झाडें तोडावीं लागलीं. कलमाची काडी कोणत्या झाडाची आहे, हें पाहिल्यावांचून ती बांधूं नये, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं. पोरक्या काडीचा मोह स्वस्ताईमुळें पडतो खरा. ओमे येथें २०१६ पासून पुन्हा लागवड सुरू झाली.