एकच पेशंट दोनदा मोजला तर?

अजमानला गल्फ मेडिकल युनिव्हर्सिटी आहे. १९९८ साली कॉलेज म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आपल्याकडची मुलंही शिकतात. पुढे भारतात परतून मेडिकल कॉलेजात शिकवायचं, तर बढतीसाठी नावावर शोधनिबंध लागतात. मग एकच अभ्यास शीर्षक बदलून दोन जर्नल्समध्ये छापायचा मोह होतो. उघडकीला आलं, की सहसा नंतर छापलेला निबंध मागे घेतला जातो. त्यावर घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "काम त्याचंच ना? मग चोरी कसली?"

उत्तर आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात आहे. उलटीवर आपण ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी घेतो ना, तिच्याच ८४ चाचण्या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तपासल्या. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ती किती चालते, हे त्यांना पाहायचं होतं. १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी लिहिलं, की पेशंटांची २८ टक्के माहिती दुसऱ्यांदा छापलेली होती, आणि मूळ निबंधाचा उल्लेख कुठेच नव्हता. ही पुनरावृत्ती धरून हिशेब केला, तेव्हा औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगलेला दिसला. गोळी खोटी नव्हती, पण मोजमाप चुकलं. डॉक्टर औषध निवडतात ते अशाच बेरजांवर.

म्हणूनच निबंध मागे घेणं ही नुसती शिक्षा नव्हे, ती हिशेबाची दुरुस्ती आहे. निबंध गायब होत नाही. 'मागे घेतला' असा शिक्का घेऊन तिथेच राहतो, म्हणजे पुढचा माणूस तो पुन्हा मोजत नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केलं, की स्वतःचंच जुनं लिखाण संदर्भ न देता पुन्हा छापणं मान्य नाही. लपवाछपवी नसेल तर वाट मोकळी आहे. दोन्ही संपादकांची परवानगी घ्या, पहिल्या निबंधाचा उल्लेख करा, मग तोच अभ्यास दुसऱ्या भाषेतही छापता येतो. अगदी मराठीतसुद्धा.

तेव्हा मंडळी, व्हिडिओ कॉलवर मुलांना "किती पेपर झाले?" एवढंच विचारू नका. "नवीन काय सापडलं?" हेही विचारा. आकडा वाढवायची घाई बऱ्याचदा आपल्याच प्रश्नातून सुरू होते.