गुलाब निवडताना झाड पाहा

रोपवाटिकेत आपण फुलावर भाळून गुलाब घेतो. सांभाळायचं असतं ते मात्र वर्षभर झाड. म्हणून जातीची पारख झाडावरून करायला हवी. 1867चा ‘ला फ्रान्स’ हा पहिला हायब्रीड टी मानला जातो. लांब दांड्यावर एकच मोठं, टोकदार कळीचं फूल ही या गटाची ओळख. पण दांड्याला एकच फूल, म्हणजे दोन बहरांच्या मधे झाड बराच काळ रिकामं. फ्लोरिबंडा हा दुसरा गट घोसाने फुलतो. त्यातला 1958चा पांढरा ‘आइसबर्ग’ एक फूल गळालं म्हणून ओका दिसत नाही, शेजारी चार कळ्या उमलायच्या बेतात असतात.

हायब्रीड टीइतकं देखणं फूल फ्लोरिबंडा देत नाही, हा आक्षेप खरा आहे. फुलदाणीसाठी हायब्रीड टीच लावावा. पण बागेत झाड निरोगीही राहायला हवं. पावसाळ्यात पानं सात-आठ तास सलग ओली राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते. ठिपक्याची कड झालरीसारखी विस्कटलेली, भोवती पिवळी छटा, मग पानगळ. फवारणी करता येते, हेही खरं. पण कोकणातल्या झडीत औषध पानावर टिकत नाही, तेव्हा इथल्या हवेत तग धरणारी जातच हवी. गव्हाचे शास्त्रज्ञ बी. पी. पाल यांनी भारतातच गुलाबाच्या नव्या जाती घडवल्या, ती दिशा मला म्हणूनच मोलाची वाटते. आणि जात कोणतीही असो, कलमाच्या जोडाखालून फुटलेला धुमारा बुडापासून काढाच. तो खुंटाच्या रानगुलाबाचा असतो, आणि माजला तर वरच्या कलमाला उपाशी मारतो.